कलशेट्टी सर आणि दोन सीटची सायकल

मुलीच्या सायकलीचं पेडल तुटलं म्हणून गेल्या आठवड्यात मी मोबाइलवर नवीन पेडल शोधत होते. सेल चालू होता. जी वस्तू बघावी तिची मूळ किंमत खोडून खाली निम्मी लिहिलेली. सवयीनं लोकांचे अभिप्राय वाचायला गेले, तर सगळ्या इंग्रजी मजकुरात एकच मराठी अभिप्राय होता. ‘पेडल मजबूत आहे. डावे व उजवे ओळखून लावावे. डाव्याचे आटे उलटे असतात. जोर करून बसवू नये, आटे मरतात. कड थोडी बोचते, अनवाणी चालवू नये.’ खाली नाव होतं, एस. कलशेट्टी, सोलापूर.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी मोबाइल पालथा ठेवला.

आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते आणि मी ऑफिसात क्लार्क. कागदोपत्री ते शिक्षक नव्हते, पण मुलींपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे. उंच, किडकिडीत, खिशात पेनाशेजारी एक टेस्टर. मूळचे दुधनीचे. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि रागावले की कोणत्याच भाषेत बोलायचे नाहीत, नुसते चष्मा पुसत बसायचे.

मधल्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्या टेबलासमोर येत, कारण ऑफिसात मोबाइलला रेंज चांगली मिळायची. उजव्या हातानं कडक भाकरी शेंगाचटणीत बुडवायची आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं सायकलीचे पार्ट वर-खाली सरकवायचे. चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, सीटचा पाइप. आवडलेली वस्तू लगेच घ्यायची नाही. कार्टमध्ये टाकायची आणि रोज जाऊन तिची किंमत बघून यायची, जसं कुणी आजाऱ्याचा ताप बघून यावं.

“घाई केली की एमआरपी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी आमच्या एका शिक्षिकेला तिच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हासुद्धा ऐकवलं होतं.

अभिप्राय वाचायची त्यांची रीतही वेगळी होती. एक तारा देणाऱ्यांचं ते आधी वाचायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “शिंदेताई, पाच तारेवाले खोकं फोडल्या फोडल्या लिवत्यात. एक तारेवाला वापरून लिवतो. आपल्याला वापरायचं हाय की.” स्वतः मात्र ते कधी तारे मोजून लिहीत नसत. वस्तू सहा महिने वापरायची आणि मग चार ओळी लिहायच्या, शुद्ध मराठीत, वहीत प्रयोग लिहावा तशा.

पार्सल शाळेच्या पत्त्यावर यायचं. आलं की सर ते प्रयोगशाळेत नेत, तराजूवर वजन करत, व्हर्नियरनं माप घेत आणि लिहिलेल्या मापाशी ताडून बघत. एकदा सीटचा पाइप सायकलीच्या नळीपेक्षा पाव मिलिमीटरनं जाड निघाला. परत पाठवायचा म्हणून ते मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. परत करायचं कारण निवडायला मोबाइल सांगत होता. वस्तू खराब आहे, चुकीची वस्तू आली, मन बदललं, अशी पाच-सहा कारणं होती. सर्व वाचून सर म्हणाले, “ह्यातलं एक बी खरं न्हाय.”

“काहीतरी निवडा सर. कोण बघतंय?”

“मन न्हाय बदललं ओ ताई. माप मी चुकीचं घेतलं हुतं. ते कारण हितं न्हायच की.”

शेवटी त्यांनी पाइप ठेवून घेतला आणि तीन रविवार पॉलिश पेपरनं घासून तो बसता केला.

हे सगळं ते कुणासाठी जमवत होते, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

सरांना सायकल शिकवली होती त्यांच्या बायकोनं, महादेवीवहिनींनी. लग्न झालं तेव्हा सरांना सायकल येत नव्हती. वहिनी मात्र शाळेपासून सायकलवर वाढलेल्या. दुधनीत आडतीच्या मागच्या मोकळ्या मैदानात पहाटे जाऊन नव्या नवरीनं नवऱ्याला सायकल शिकवली. वहिनी सीट धरून मागून पळायच्या आणि ओरडायच्या, “री, मागं बघू नका!” री म्हणजे आपल्याकडचं अहो. सर ही गोष्ट सांगताना हमखास म्हणायचे, “हिनं हात कवा सोडला ते मला कळलंच न्हाय बगा.”

चाळिशीत वहिनींच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला. आधी अंधारात दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग समोरचंही नळीतून पाहावं एवढंच उरलं. तरी त्या सायकलवरून भाजीला जात. एक दिवस त्या केळीवाल्याच्या हातगाड्याला धडकल्या. कुणाला फारसं लागलं नाही. वहिनींनी सायकल हातात धरून चालत घरी आणली, भिंतीला लावली आणि म्हणाल्या, “साकु.” पुरे. त्यानंतर दोन वर्षांत उरलेली नजरही गेली.

“ती कशाबद्दल बी रडली न्हाय,” सर मला म्हणाले होते. “सैपाक हाताच्या अंदाजानं करती. पण एकदा गॅलरीत बसली हुती, वारं सुटलं हुतं, तवा म्हणली, सायकलीवर वारं तोंडाला लागायचं ते लई दिवसांत लागलं न्हाय. एवढंच म्हणली. मला दोन दिवस जेवण गेलं न्हाय.”

दोन सीटची सायकल बाजारात तयार मिळते, पण ती बाहेरदेशची, आणि तिची किंमत बघून सरांनी ते पान बंद केलं. मग त्यांनी सेलमध्ये दोन साध्या सायकली घेतल्या, सहा महिन्यांच्या अंतरानं. होटगी रोडच्या एका वेल्डरकडून दोन्ही सांगाडे कापून एकात एक जोडून घेतले. तो वेल्डर काम करता करता म्हणाला होता, “सर, कायकू इत्ता लंबा? सायकल है की रेल?” मग चेन, दोन चेनी जोडून एक केलेली. पुढच्या सीटच्या पाइपला मागच्या माणसाचं हँडल. जड झाली म्हणून चांगले ब्रेक. एकेक पार्ट सवलतीची वाट बघत, मापं घेत, घासत. सगळं व्हायला तीन वर्षं लागली.

पहिल्यांदा ती सायकल चालली ती शाळेच्या मैदानात, एका रविवारी सकाळी. मी चावी घेऊन गेले होते, म्हणून बघायला मिळालं. वहिनींनी पदर खोचला, सायकल पुढून मागेपर्यंत हातानं चाचपली आणि मागच्या सीटवर बसल्या. सर पुढे. दोघांचे पाय जुळेनात. दोनदा सायकल कलली. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, “नडीरी.” चला. आणि सायकल निघाली. मैदानाला चार फेऱ्या झाल्या. सरांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा आणि वहिनींचं तोंड आभाळाकडे.

उतरल्यावर सरांनी विचारलं, “लागलं का वारं?”

वहिनींनी जरा विचार केला. “तुमची पाठ आडवी येतीय,” त्या म्हणाल्या.

मी हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते रेसच्या सायकलीला असतं तसं खाली वळलेलं हँडल शोधत होते. ते सेलमध्ये यायला दिवाळी उजाडली. मग अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस पार कमरेत वाकून, नाक हँडलला टेकवून विजापूर रोडनं जाऊ लागला आणि त्याच्या मागे वहिनी ताठ बसलेल्या. लोक थांबून बघायचे. पोरं ओरडायची. सरांची कंबर धरायची, ते शाळेत येऊन टेबलाला टेकून उभे राहायचे, पण हँडल काही बदललं नाही. वारं लागत होतं.

निवृत्तीनंतरही पार्सलं शाळेतच येत राहिली. ती घ्यायला येताना सर माझ्यासाठी शेंगाचटणी आणायचे. अशाच एका पार्सलात मागच्या सीटचं जेलचं मऊ कव्हर होतं. सीट बोचते असं वहिनी म्हणाल्या होत्या. पंधरा दिवसांनी आणखी एक कव्हर आलं. मला वाटलं, कुणाला द्यायला मागवलं असेल. महिन्याभरात तिसरं आलं. सरांनी ते उघडलं आणि त्याच उत्साहात सांगितलं, “मागची सीट तिला बोचतीय. लई दिवस शोधत हुतो. आता उतरली किंमत.”

चौथं आलं तेव्हा मी ते स्वतः घरी पोचवलं. सर दूध आणायला गेले होते. वहिनींनी पार्सल हातात घेऊन दाबून बघितलं. मग मला आत नेलं आणि कपाट उघडून माझा हात धरून खालच्या कप्प्यात नेला. आधीची दोन कव्हरं एकावर एक होती.

“बोचतंय असं मी एकदाच म्हणले हुते ताई,” त्या म्हणाल्या. “पयल्या कव्हरानंतर बोचायचं थांबलं. पण त्यांना माझं बोचणं तेवढं ध्यानात हाय. आणलेलं ध्यानात न्हाय.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दाखवलं. गोळ्या हायत. वाढत जाणार म्हणले.”

“बसवराजला सांगितलं?” बसवराज त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “सांगितलं तर पयली सायकल जाईल. तुमी बी सांगू नका.”

मी सांगितलं नाही. आजही मला कळत नाही की मी बरोबर केलं की चूक.

त्यानंतर एकदा सकाळी कंबर तलावाच्या बाजूला मी चालायला गेले होते. मागून ती लांब सायकल आली. मी हाक मारणार होते, पण वहिनींचा आवाज ऐकला आणि थांबले. त्या मागून हलक्या आवाजात बोलत होत्या. “बेकरीचा वास आला. आता डावीकडं. सावकाश. गिरणी लागंल, तितनं सरळ.” आणि सर वळत होते. ज्याला दिसत होतं त्याला रस्ता आठवत नव्हता, आणि जिला आठवत होता तिला दिसत नव्हता. सायकल माझ्याजवळून गेली. सरांनी मला बघितलं, ओळखल्यासारखं हसले, आणि पुढे गेले. त्यांनी ओळखलं नव्हतं, हे मला त्यांच्या पाठमोऱ्या वाकलेल्या अंगाकडे बघताना कळलं.

असं त्यांनी सात-आठ महिने चालवलं. रोज सकाळी.

ज्वारीची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला शाळेत पार्सल आलं. वजनावरूनच मी ओळखलं, कव्हर. नेहमीप्रमाणे सरांना फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग वारा ऐकू आला, आणि वहिनींचा आवाज.

“ताई? ताई, तुमी हाय का? ठेवू नका फोन.”

“काय झालं वहिनी?”

“आमी कुटं हाय ते कळंना.”

त्या दिवशी विजापूर रोडवर खणलं होतं आणि वाहतूक दुसरीकडून वळवली होती. त्या रस्त्याला ना बेकरी होती ना गिरणी. वहिनींना ओळखीचा एक वास येईना. सर म्हणत राहिले, “आलंच, पुढं तळं हाय,” आणि वहिनींनी विश्वास ठेवला. दोन तास सायकल चालत राहिली. मग सर एकदम थांबले, उतरले आणि रस्त्याकडेला बसले, ते बोलेचनात. मोबाइल त्यांच्या खिशात होता, पण तो उघडायची खूण ते विसरले होते आणि वहिनींना ती येत नव्हती. गाड्या जाताना ऐकू येत होत्या. पण हात सोडून रस्त्यावर गेलं तर हे कुठं जातील, या भीतीनं त्या जागच्या हलल्या नव्हत्या. आलेला फोन घ्यायला तेवढं नुसतं बोट सरकवावं लागतं. ते त्यांनी चाचपडत केलं.

“सरांना विचारा, जवळ कुठे पाटी दिसतेय का, दगड दिसतोय का?”

त्या कानडीत काहीतरी बोलल्या. मग सरांचा आवाज आला, वर्गात धडा वाचावा तसा स्वच्छ. “मंगळवेढा, चाळीस.”

“वाचतायत,” वहिनी म्हणाल्या. “पण मंगळवेढा म्हणजे काय, ते मलाच विचारायलेत.”

मी शाळेची रिक्षा घेऊन देगावच्या बाजूनं गेले. ज्वारीच्या शेताकडेला बाभळीच्या विरळ सावलीत दोघं बसले होते. वहिनींचे ओठ सुकले होते. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि ती पकड सोडवायला मला त्यांच्या बोटांवर हळूहळू थोपटावं लागलं. सर मला म्हणाले, “बाई, तुमी कोण ते ठाऊक न्हाय, पण हिला आदी पाणी द्या.”

बसवराज त्याच दिवशी आला. भला मुलगा. त्यानं आईला जवळ घेतलं, वडिलांना दवाखान्यात नेलं. मग मला बाहेर बोलावून विचारलं, “मावशी, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” मी म्हणाले.

तो वळून आत गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दोघांना पुण्याला न्यायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती लांब सायकल मावणार नव्हती, आणि मावली असती तरी तिचं काय करायचं होतं? बसवराजनं तिचा फोटो काढून जुन्या वस्तूंच्या अॅपवर टाकला.

आठ दिवसांनी मी भेटायला गेले. वहिनी सुपात शेंगा फोडत होत्या. सर खुर्चीत मोबाइल घेऊन बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. नाव आठवलं नसावं, पण मी सायकलीबद्दल बोलण्यातलं माणूस आहे, एवढं आठवत होतं.

“या, बगा काय घावलंय,” ते म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. “दोन सीटची. कुणीतरी हातानं बनवलीय. जोड बगा किती साफ हाय. आन् हे हँडल बगा, खाली वळवलंय. मागच्याला वारं लागावं म्हणून. माणूस डोकं असलेला हाय.”

फोटो त्यांच्याच अंगणातला होता. मागे त्यांचीच भिंत.

वहिनींचे हात सुपात थांबले होते.

“हिला हीच पायजे हुती,” सर म्हणाले. “मी टाकून ठेवलीय यादीत. किंमत जरा जास्त हाय. उतरंल.”

“उतरंल की,” वहिनी म्हणाल्या. “थांबू आपण.” आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

सायकल घेतली ती मोडनिंबच्या एका तरुणानं. त्याचं हायवेला हॉटेल होतं, मागं बाग होती, आलेल्या गिऱ्हाइकांना बागेत फिरवायला पाहिजे म्हणाला. सायकल न्यायला तो पिकअप घेऊन आला. मी त्या दिवशी तिथं होते. सरांना मी पाहिलं ते शेवटचं. दुसऱ्या आठवड्यात ते पुण्याला गेले आणि मग वर्ष-दीड वर्षानं बसवराजचा फोनच आला.

सायकल पिकअपमध्ये चढवण्याआधी त्या तरुणानं ती चालवून बघायचा प्रयत्न केला. त्याला तोल सांभाळेना. सर पायरीवर उभे राहून बघत होते. ते खाली आले, त्याला म्हणाले, “तुमी मागं बसा,” आणि स्वतः पुढे बसून कमरेत वाकले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सायकल फिरून परत आली. एकदाही डगमगली नाही. फाटकाला धरून उभ्या असलेल्या वहिनींनी सायकलच्या आवाजाबरोबर मान जाताना तिकडे आणि येताना इकडे वळवली.

उतरून सरांनी त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. “नवीन हाय तुमी, म्हणून सांगतो. मागं बसणाऱ्याला पुढचं दिसत नसतंय. खड्डा आला की आदी सांगायचं. वळायच्या आदी सांगायचं. ब्रेक लावायच्या आदी बी सांगायचं. न सांगता काय बी करायचं न्हाय. न्हायतर ते माणूस घाबरतं.”

“व्हय सर,” तो म्हणाला.

“विसरायचं न्हाय.”

“न्हाय विसरत.”

सायकल आडवी मावेना, तेव्हा सरांनीच पुढचं चाक कसं काढायचं ते दाखवलं. दोरी कुठून घ्यायची ते दाखवलं. जोड घासू नये म्हणून मध्ये पोतं घालायला लावलं. बसवराज बाजूला तोंड करून उभा होता. पिकअप चालू झाली आणि गल्लीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला वळली.

वहिनींनी मला विचारलं, “गेली का?”

“गेली.”

“मग हे अजून बाहेर काय करायलेत?”

सर रस्त्याच्या मधोमध उभे होते. रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवत होते, लेकीला सासरी पाठवताना हलवावा तसा, सावकाश. मी वहिनींना ते सांगितलं. बसवराज त्यांना आत आणायला निघाला, तशी वहिनींनी त्याचा दंड धरला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “हलवू दे त्यांना.”